सही कुणाची?

(दृश्य : घाटकोपर पश्चिम. सकाळची गल्ली, रिक्षा, दुधाच्या पिशव्या.)

25 जुलै 2017. मंगळवारची सकाळ, साडेदहाच्या सुमारास. दामोदर पार्क भागातली सिद्धी साई ही चार मजली इमारत बघता बघता खाली बसली. 17 माणसं गेली. धाकटी मुलं होती, म्हाताऱ्या आया होत्या.

भूकंप झाला नव्हता. तळमजल्यावर पूर्वी नर्सिंग होम होतं आणि त्या जागेत नूतनीकरणाचं काम चाललं होतं. त्या कामात इमारतीच्या खांबांना हात लावला गेला, असं वाचलेल्या रहिवाशांनी सांगितलं. पोलिसांनी गुन्हा नोंदला तोही याच कामावरून. वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी हातोडा उचलला नव्हता, तरी छत त्यांच्याच डोक्यावर आलं.

(दृश्य : एका फ्लॅटचा हॉल. फोडलेली भिंत, गोण्यांत भरलेलं डेब्रिज.)

आपण घराचं काम देतो कसं, ते आठवून पाहा. मेहुण्याकडे ज्यानं केलं, तोच मिस्त्री. डायरीच्या फाडलेल्या पानावर अंदाज. थोडा ॲडव्हान्स रोख, आणि एकच अट : गणपतीच्या आत घर तयार पाहिजे. मिस्त्रीचं पूर्ण नाव कितीजणांना माहीत असतं? मोबाइलमध्ये तो ‘टाइल्सवाला’ म्हणून असतो.

यात मिस्त्रीला वाईट ठरवायचं नाही. त्यांच्यातले कितीतरी हात सोन्यासारखे असतात. पण उद्या काही बिनसलं तर उत्तर द्यायला कोण बांधील आहे, हे त्या डायरीच्या पानावर लिहिलेलं नसतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. ‘घरदुरुस्तीचा कॉन्ट्रॅक्टर’ असा एकच सरसकट परवाना आपल्याकडे नाही. रंग, फरशी, फर्निचर यांचं काम कुणीही घेऊ शकतो. म्हणून ‘परवाना आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘कोणत्या कामाचा?’ हे विचारावं लागतं.

(दृश्य : भिंतीत कोरलेल्या खाचा, त्यात लोंबणाऱ्या तारा.)

वीज घ्या. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं सोडलं, तर घरातलं वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदारानंच करायचं असतं. देशाच्या वीजसुरक्षा नियमांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. ठेकेदाराचा परवाना राज्य सरकार देतं. प्रत्यक्ष तारा ओढणाऱ्या तारतंत्र्याला आणि त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या पर्यवेक्षकालाही आपापलं प्रमाणपत्र लागतं.

कारण साधं आहे. तार भिंतीत गेली, वर प्लास्टर झालं, रंग लागला, की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. दिव्यांसाठीच्या दीड स्क्वेअर एमएमच्या तारेवर गीझर आणि एसी दोन्ही टाकले, तरी पहिल्या दिवशी सगळं व्यवस्थित चालतं. तार आतल्या आत तापत राहते. तिचं आवरण हळूहळू मऊ पडतं, कडक होतं, तडकतं. एखाद्या रात्री जळका वास येतो.

परवानाधारक माणूस काम संपल्यावर मेगर नावाचं मापयंत्र लावून तारांचं आवरण तपासतो, अर्थिंग मोजतो, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी चाचणीचं बटण दाबल्यावर बंद पडतो हे दाखवतो. ओल्या हाताला करंट लागला तर पुरवठा तोडणारी हीच ती डबी. मग तो चाचणी अहवालावर सही करतो, खाली परवाना क्रमांक लिहितो. चूक निघाली तर त्याचा परवाना जाऊ शकतो. तपासणी मनापासून होते ती यामुळे.

नळाच्या कामालाही महापालिकेचा परवाना असलेला प्लंबर असतो. आणि भिंत पाडायची असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. जुन्या इमारतींत नऊ इंची विटांची भिंत नुसती खोल्या वेगळ्या करत नसते, वरचा भार तिच्यावर असतो. हॉल मोठा दिसावा म्हणून ती काढायची की नाही, हे गवंड्याच्या नजरेवर सोडू नका. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्यानंच सक्तीची आहे. तुमच्या सोसायटीचा तो अहवाल सेक्रेटरीकडून मागून इंजिनिअरच्या हातात द्या.

(दृश्य : इमारतीच्या बाहेर बांबूची परांची. चौथ्या मजल्यावर एक रंगारी.)

आता विमा. आमच्या मते सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात आधी विचारायला हवा असा प्रश्न.

हा रंगारी बहुधा नाक्यावरून आलेला आहे. सकाळी आठला मजूर अड्ड्यावर उभा राहिला, मुकादमानं बोट दाखवलं, टेम्पोत बसला. समजा, आज बांबूची गाठ सुटली. कामावर इजा झाली तर ज्यानं कामाला लावलं त्यानं भरपाई द्यायची, हे आपल्या देशात 1923 पासून कायद्यात आहे. मजुराचं वय आणि मजुरी पाहून रक्कम ठरते, आणि मृत्यू झाला तर ती कित्येक लाखांच्या घरात जाते. डायरीच्या पानावर काम घेणाऱ्या मिस्त्रीजवळ तेवढे पैसे नसतात. त्याचा फोन बंद लागतो. मग गावाहून आलेली बायको आणि भाऊ तुमच्या दाराशी उभे राहतात, कारण त्यांना ठाऊक असलेला पत्ता तेवढा एकच. तुम्ही त्यांना काय सांगणार?

ठेकेदाराकडे कामगार भरपाईची पॉलिसी असेल, तर त्या बाईला हक्कानं मागायला एक जागा असते. हप्ता मजुरीच्या एकूण रकमेवर ठरतो. तुमच्या अंदाजपत्रकात ती एक ओळ वाढली तर घासाघीस करू नका.

पॉलिसी नुसती ‘आहे’ म्हणून चालत नाही, ती हातात घेऊन वाचा. कामाचा पत्ता तुमचाच आहे का? किती मजूर लिहिलेत, आणि प्रत्यक्ष किती येतात? मुदत काम संपण्याआधी तर संपत नाही ना? शेजाऱ्याच्या नुकसानीचं कलम वेगळं असतं. ड्रिलनं पाइप फुटून खालच्यांचं छत भिजलं, तर ते उपयोगी पडतं. बाथरूमचं वॉटरप्रूफिंगच कच्चं झालं असेल तर मात्र विमा सहसा हात वर करतो. त्यासाठी फरशी बसण्याआधी दोन-तीन दिवस पाणी कोंडून खालचं छत बघायचं, आणि हमी लेखी घ्यायची.

(दृश्य : संध्याकाळ. परांचीवरून माणसं उतरताहेत.)

इथल्या ठेकेदारानं पहिल्याच दिवशी सोसायटीच्या ऑफिसात फाइल ठेवली. पॉलिसी, मजुरांची यादी, इंजिनिअरचं पत्र. वॉचमनच्या वहीत रोज नावं चढतात. आता मुकादम खाली उभा राहून कमरेचे सुरक्षा पट्टे परत घेतोय आणि मोजतोय.

सकाळी सहा जण वर गेले होते. सहाही खाली आलेत.