नेपियरचा मुरघास: आधी पाणी, मग साखर, शेवटी जिवाणू

(लातूर जिल्ह्यातील दूध उत्पादकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आपल्या मराठवाड्यात मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून लॅक्टिक आम्लात मुरवलेला हिरवा चारा, म्हटला की मक्याचाच मुरघास डोळ्यांसमोर येतो, आणि मक्याची कृती आता आपल्या अंगवळणी पडली आहे. अडचण येते ती हीच कृती संकरित नेपियर या चाऱ्याच्या गवताला जशीच्या तशी लावली की. बॅग उघडल्यावर आंबूस-गोड वासाऐवजी हाताला दिवसभर चिकटून राहणारा कुबट, खवट वास येतो, तळाशी पाणी साचलेले असते, जनावर तोंड फिरवते, आणि मग दोष मुरघासाच्या बॅगेला किंवा कल्चरच्या, म्हणजे जिवाणूंच्या विरजणाच्या, पुडीला दिला जातो. माझ्या मते हा दोष बहुधा कापणीच्या दिवशीच ठरलेला असतो. नेपियरचा विचार आधी पाणी, मग साखर आणि सर्वांत शेवटी जिवाणू या क्रमाने करायला हवा. आपण नेमका उलट्या टोकाने सुरू करतो.

मुरघासासाठी योग्य अवस्थेत कापलेल्या मक्यात कोरडा अंश (पाणी वगळून उरणारा भाग) 30 ते 35 टक्के असतो. 45-50 दिवसांच्या लुसलुशीत नेपियरमध्ये तो 15 ते 20 टक्केच भरतो. इतक्या ओल्या चाऱ्यात क्लॉस्ट्रिडियम गटातील जिवाणूंना मोकळे रान मिळते. ते तयार झालेले लॅक्टिक आम्ल खाऊन ब्युटिरिक आम्ल बनवतात आणि प्रथिनांचे अमोनियात रूपांतर करतात. तो खवट वास त्यांचाच. त्यांना रोखायचे तर सामू (pH) लवकर 4.2 च्या खाली उतरला पाहिजे, आणि नेपियरमध्ये नेमके तेच होत नाही, कारण सामू उतरवायला, म्हणजे लॅक्टिक जिवाणूंनी आम्ल तयार करायला, लागणारी विद्राव्य साखर त्यात मुळातच कमी असते. थंड प्रदेशातील रायगवतासारखी गवते आपला साठा फ्रुक्टान या पाण्यात विरघळणाऱ्या रूपात ठेवतात, तर उष्ण कटिबंधातील गवते तो मुख्यतः पानांतील स्टार्चच्या रूपात ठेवतात, आणि बहुतेक लॅक्टिक जिवाणूंना स्टार्च थेट वापरता येत नाही. त्यात जाड, राठ कांड्यांमुळे कुट्टीत (बारीक तुकडे केलेल्या चाऱ्यात) हवा अडकून राहते आणि ती संपेपर्यंत आहे ती साखरही चाऱ्याच्या श्वसनात जळते.

म्हणून पहिले काम पाण्याचे. एक टन नेपियरमध्ये 18 टक्के कोरडा अंश धरला, तर 180 किलो कोरडा चारा आणि 820 किलो पाणी झाले. हा अंश 28 टक्क्यांवर न्यायचा तर सुमारे 360 किलो पाणी उडाले पाहिजे. ऑक्टोबरच्या उन्हात हे शक्य आहे: दव वाळल्यावर कापणी करावी, पातळ थरात पसरावे, दुपारी उलटावे आणि सुकले की लगेच कुट्टी करून भरावे. मात्र पाने वाळली म्हणजे कांडेही वाळले असे समजू नये. कांडे पिळून पाहावे. सुकवण दोन-तीन दिवस लांबली, तर पाण्याबरोबर साखरही जाते. पावसाळ्यात, जेव्हा नेपियर सर्वांत जोमाने वाढतो, तेव्हा सुकवणे आपल्या हातात नसते. अशा वेळी ज्वारीच्या कडब्याची कुट्टी मिसळावी. वरच्याच हिशेबात, कडब्याचा कोरडा अंश 90 टक्के धरला, तर टनाला सुमारे 160 किलो कडबा लागतो. कडबा महाग पडत असेल तर सोयाबीनचे भुसकट पाणी शोषायला चालते, पण ते पचायला जड असते, हे विसरू नये. कापणी लांबवून नेपियर जून करणे हा उपाय मला पटत नाही, कारण पाणी थोडे कमी होते, पण पचनीयता त्याहून अधिक घसरते.

दुसरे काम साखरेचे. ओल्या वजनाच्या 3 ते 4 टक्के, म्हणजे टनाला 30 ते 40 किलो मळी (साखर कारखान्यातील घट्ट, काळा गोड पाक), लागेल तेवढ्याच पाण्यात पातळ करून थराथरावर शिंपडावी. मळी मिळाली नाही तर 20 ते 25 किलो हलक्या प्रतीचा काळा गूळ तेवढेच काम करतो. युरिया मात्र यात टाकू नये. तो वाळलेल्या भुशावर प्रक्रिया करण्यासाठी ठीक आहे. ओल्या, कमी साखरेच्या गवतात तो अमोनिया सोडून सामू वर ढकलतो. खनिज मिश्रणातील चुनाही तेच करतो, म्हणून ते खाऊ घालतानाच द्यावे.

आता कल्चर. साखर नसलेल्या चाऱ्यात महागडे कल्चर टाकणे म्हणजे दुधाशिवाय विरजण लावणे. पाणी आणि साखर जुळवल्यावर लॅक्टोबॅसिलस प्लांटारम या लॅक्टिक जिवाणूचे कल्चर खरोखर उपयोगी पडते, कारण गवतावरचे नैसर्गिक लॅक्टिक जिवाणू संख्येने थोडे असतात आणि त्यांतले बरेच लॅक्टिकबरोबर ॲसिटिक आम्लही करतात. घरच्या घरी करायचे झाले, तर ताजे गवत पाच पट पाण्यात वाटून गाळावे, त्यात 2 टक्के साखर घालून हवा न लागू देता दोन दिवस साधारण 30 अंशांवर ठेवावे. हा रस टनाला दहा लिटर पुरतो.

दोन सेंटिमीटरची कुट्टी, कसून दाब आणि त्याच दिवशी झाकण याबद्दल आपल्याला नव्याने सांगायला नको.

एक गोष्ट मात्र उलटी वाटेल: चांगला मुरलेला मुरघास उघडल्यावर, हवा लागून वाढणाऱ्या यीस्टमुळे, अधिक लवकर तापतो. बिघडलेल्या मुरघासातील ॲसिटिक आणि ब्युटिरिक आम्ले यीस्टला दाबून ठेवतात, तर लॅक्टिक आम्ल आणि उरलेली साखर हे यीस्टचे खाद्यच असते. एप्रिल-मेच्या उन्हात हा धोका वाढतो, म्हणून उन्हाळ्यासाठी ठेवायच्या मुरघासात लॅक्टोबॅसिलस बुखनेरी असलेले कल्चर घ्यावे. ते थोडे ॲसिटिक आम्ल मुद्दाम तयार करते. आणि बॅग गोठ्याच्या मापाने निवडावी. देवणी जातीच्या तीन गायींना रोज 15 किलोप्रमाणे 45 किलो लागतात, म्हणजे पाचशे किलोची बॅग अकरा दिवस उघडी राहील; अशा गोठ्याला दोन-अडीचशे किलोच्या लहान बॅगा परवडतात, थोड्या महाग पडल्या तरी.