दोरीवरच्या उड्या : दोरी कशी निवडावी आणि व्यायाम कसा करावा

श्रोतेहो, नमस्कार. जून महिन्यात पाऊस लागला की सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे फिरणे बंद पडते, मैदानात चिखल होतो, आणि मग पुष्कळ घरांमध्ये दोरीवरच्या उड्यांची दोरी येते. पंधरा-वीस दिवस ती नेमाने वापरली जाते आणि त्यानंतर दारामागच्या खुंटीवर लटकत राहते. कारण विचारले तर "दम पुरत नाही" किंवा "आता आपले वय राहिले नाही" असे उत्तर मिळते. माझे मत थोडे वेगळे आहे. दोरी सुटते ती बहुतेक वेळा तिची लांबी चुकल्यामुळे, पायाखालची जमीन फार कठीण असल्यामुळे आणि पहिल्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात फार उड्या मारल्यामुळे. या तीनही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही फारसा पैसा लागत नाही.

प्रथम दोरीविषयी बोलू. बाजारात साधारणपणे चार प्रकारच्या दोऱ्या मिळतात. सुती दोरी आपल्या लहानपणापासूनच्या ओळखीची आहे. ती मऊ असते, पायाला लागली तरी दुखत नाही, म्हणून लहान मुलांसाठी चांगली. पण ती हलकी असल्यामुळे हवेत तिची कमान टिकत नाही, मुठीपाशी तिला पीळ पडतो आणि पावसाळ्यात ती ओल धरते. दुसरी प्लॅस्टिकची, म्हणजे पीव्हीसीची दोरी. करंगळीपेक्षा बारीक, साधारण 5 मिलिमीटर जाडीची ही दोरी स्वस्त असते, वेगाने फिरते आणि बहुतेकांना पुरेशी ठरते. तिची एकच खोड आहे: पुडक्यात घडी घालून ठेवल्यामुळे तिला पडलेल्या मोडी लवकर जात नाहीत. नवी दोरी थोडा वेळ कोमट पाण्यात बुडवून किंवा उन्हात टांगून सरळ करावी आणि नंतर कायम टांगूनच ठेवावी. तिसरी मण्यांची दोरी. नायलॉनच्या बारीक दोरीत प्लॅस्टिकचे मणी ओवलेले असतात. त्यामुळे तिला वजन येते, हवेत तिचा आकार टिकतो आणि जमिनीवर टेकताना प्रत्येक वेळी "टक्" असा आवाज होतो. नवशिक्याला ठेका सापडण्यासाठी हा आवाज फार उपयोगी पडतो, कारण दोरी कुठे आहे ते न बघता कळते. माझी पहिली शिफारस याच दोरीची आहे, मात्र आपल्या मजल्याखाली कोणी राहत असेल तर तिचा आवाज त्यांनाही ऐकू जाणार, हे ध्यानात ठेवावे.

चौथी दोरी पोलादी तारेची. वर प्लॅस्टिकचे पातळ आवरण, आत पिळलेल्या तारा आणि एकूण जाडी जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर. एका उडीत दोरी दोनदा पायाखालून काढणाऱ्या तयारीच्या लोकांसाठी ती योग्य आहे. नव्या माणसाच्या नडगीवर ती बसली तर वळ उठतो, आणि सिमेंटवर वापरल्यास मधल्या भागातले आवरण घासून तारेची टोके बाहेर येतात. अशी दोरी टाकूनच द्यावी. चिकटपट्टी गुंडाळून ती वापरणे पायाला धोक्याचे आहे. मुद्दाम जड केलेल्या दोऱ्याही मिळतात, पण खांद्यांना पुरेशी सवय होईपर्यंत त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आता लांबी. या एका गोष्टीकडे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही दुर्लक्ष करतात, आणि सारे बिघडते ते इथेच. दोरीच्या मधोमध एक पाऊल ठेवून दोन्ही मुठी सरळ वर ताणाव्यात. मुठींची टोके काखेपर्यंत आली म्हणजे नवशिक्यासाठी लांबी बरोबर आहे. सराव झाल्यावर ती छातीच्या खालच्या भागापर्यंत आणता येते. आकड्यांत सांगायचे तर आपल्या उंचीत सुमारे 90 सेंटिमीटर मिळवावेत. पाच फूट तीन इंच, म्हणजे 160 सेंटिमीटर उंचीच्या बाईंना अडीच मीटर दोरी पुरते. बाजारातली दोरी मात्र बहुधा तीन मीटरच्या आसपास असते, आणि वेष्टनावर "सर्वांसाठी एकच माप" असे छापलेले असते.

ही जास्तीची अर्धा मीटर दोरी काय करते ते पाहा. दोरी जमिनीवर लोळू लागते, म्हणून माणूस नकळत हात बाजूला फाकवतो. हात फाकले की दोरी पायापाशी वर उचलली जाते आणि घोट्याला अडकते. अडकू नये म्हणून माणूस गुडघे पोटाशी घेऊन उंच उडतो, आणि मग वीस उड्यांतच त्याला धाप लागते. हा दम त्या माणसाचा कमी पडलेला नसतो. दोरीने तो फुकट खर्च करवलेला असतो. म्हणून दोरी आणल्यावर पहिले काम तिची लांबी कमी करण्याचे. प्लॅस्टिकच्या दोरीच्या मुठीचे टोपण उघडले की आत अडकवलेली गाठ किंवा चकती दिसते. ती सरकवून दोरी आखूड करावी, पण उरलेले टोक लगेच कापू नये. आठवडाभर तशीच वापरून पाहावी आणि खात्री पटल्यावरच कात्री लावावी. तारेच्या दोरीला मुठीजवळ बारीक स्क्रू असतो, तो सैल करून तार ओढून घेता येते.

मुठींबद्दल फार बोलण्यासारखे नाही. दोरी मुठीत मोकळी फिरली पाहिजे, हातांना घाम आल्यावर मूठ निसटता कामा नये, एवढे पुरे. उड्या मोजणारी आणि उष्मांक दाखवणारी मूठ घ्यावीशी वाटली तर घ्यावी, पण ती मोजते ते दोरीचे फेरे, आणि उष्मांकाचा आकडा तर निव्वळ अंदाज असतो.

जागेचा विचार दोरीइतकाच महत्त्वाचा आहे. सर्वांत उत्तम म्हणजे तालमीतली किंवा कबड्डीच्या मैदानातली दाबलेली माती, लाकडी जमीन किंवा व्यायामशाळेतले घट्ट रबर. आपल्या घरांत मात्र शहाबादी फरशी किंवा टाइल्स असतात, आणि गच्चीवर सिमेंटचा कोबा. अशा ठिकाणी जाड, न सरकणारी रबरी चटई घालावी आणि बूट घालूनच उड्या माराव्यात. सतरंजी घालू नये, कारण ती पायाखालून सरकते. फार मऊ गादीवरही उडू नये, कारण तिच्यावर घोटा मुरगळतो. आणखी एक गोष्ट घराघरांत विसरली जाते: दोरी डोक्याच्या वर जवळजवळ एक फूट जाते. पोटमाळ्याखाली, दिव्याखाली किंवा चालू पंख्याखाली उभे राहण्यापूर्वी वर एकदा पाहावे.

आता प्रत्यक्ष उडी. कोपरे बरगड्यांजवळ, हात शरीरापासून किंचित पुढे आणि नजर समोर. दोरी मनगटांनी फिरवायची. खांदे फिरू लागले तर दोरी लांब आहे किंवा आपण घाई करतो आहोत असे समजावे. पाय जमिनीवरून इंच-दीड इंच उचलले तरी दोरी जाते, त्याहून उंच उडण्याची गरज नाही. उतरताना चवड्यांवर उतरावे, गुडघे किंचित सैल ठेवावेत आणि टाच जमिनीला हलकेच लागली तर लागू द्यावी. आपल्या पावलांचा आवाज ऐकावा: धप्प असा आवाज येत असेल तर आपण फार उंच उडतो आहोत किंवा पाय ताठ ठेवून उतरतो आहोत. ज्यांना पाय आणि हात यांचा मेळच बसत नाही, त्यांनी दोन्ही मुठी एका हातात धरून दोरी शरीराच्या बाजूला फिरवावी आणि ती जमिनीला टेकेल तेव्हा उडी मारावी. दोन-तीन दिवसांत ठेका बसतो.

किती उड्या माराव्यात, हा प्रश्न सर्वजण विचारतात आणि उत्तर शेकड्यात मागतात. मी उत्तर वेळेत देतो. पहिले दोन आठवडे 20 सेकंद उड्या आणि 40 सेकंद विश्रांती अशा 10 फेऱ्या, एक दिवसाआड. पुढचे दोन आठवडे 30 सेकंद उड्या आणि 30 सेकंद विश्रांती. त्यानंतर एक मिनिट उड्या आणि अर्धा मिनिट विश्रांती. मुष्टियोद्धे तीन मिनिटांच्या फेऱ्या आणि मध्ये एक मिनिट विश्रांती असा सराव करतात, कारण त्यांची लढत त्याच मापाची असते. आपल्याला तिथवर जाण्याची सक्ती नाही. सुरुवातीला जागच्या जागी चालणे आणि घोटे फिरवणे, शेवटी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणणे, हे दोन्ही चुकवू नये.

हा क्रम काहींना फारच सावकाश वाटेल, पण त्याला कारण आहे. छाती आणि हृदय काही आठवड्यांतच व्यायामाला सरावतात. टाचेमागची जाड शीर, नडगीचे हाड आणि तळव्याचा पट्टा यांना मात्र महिने लागतात. म्हणजे दम वाढला म्हणून आपण उड्या दुप्पट करतो, त्याच सुमारास नडगी ठणकू लागते. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावले टाकताना टाच दुखली, तर काही दिवस दोरी बाजूला ठेवून सायकल किंवा पोहणे करावे.

ऊर्जेचा हिशेबही सांगतो, कारण जाहिरातींनी तो बराच फुगवला आहे. स्वस्थ बसलेले असताना शरीराला लागणारी ऊर्जा एक धरली, तर मिनिटाला 100 ते 120 उड्यांसाठी तिच्या जवळजवळ 12 पट ऊर्जा लागते. साध्या चालण्याला साडेतीन पटीच्या आसपास. व्यायाम कसदार आहे, यात शंका नाही. साठ किलो वजनाच्या माणसाचे मिनिटाला सुमारे 12 उष्मांक खर्च होतात. पण आपल्या पहिल्या आठवड्यातल्या दहा फेऱ्यांत प्रत्यक्ष उड्या साडेतीन मिनिटांपेक्षा कमीच होतात, म्हणजे चाळीसेक उष्मांक, साधारण अर्धी पोळी. "दहा मिनिटे दोरी म्हणजे तीस मिनिटे धावणे" हे वाक्य आपण ऐकले असेल. त्याच्यामागे 1968 साली अमेरिकेत महाविद्यालयीन तरुणांवर केलेला एक अभ्यास आहे; सहा आठवड्यांनंतर रोज 10 मिनिटे उड्या मारणारा गट आणि रोज 30 मिनिटे धावणारा गट पायरीवर चढ-उताराच्या चाचणीत सारखेच ठरले. अभ्यास खरा आहे, पण त्यात सगळे तरुण पुरुष होते आणि मोजली होती ती हृदयाची क्षमता. वजन किती घटले याच्याशी त्याचा संबंध नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 75 ते 150 मिनिटे जोराचा किंवा 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे, आणि शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. दोरीने छाती आणि दंडांना ताकद येत नाही, म्हणून मधल्या दिवशी जोर-बैठका काढाव्यात.

दोन समजुतींचा उल्लेख केला पाहिजे. दोरीवरच्या उड्यांनी मुलांची उंची वाढते, असे सांगून पालक मुलांना उडायला लावतात. उंची प्रामुख्याने आनुवंशिकतेवर आणि पोषणावर ठरते. उड्यांनी मुलांची हाडे घट्ट होतात, हा फायदा काही लहान नाही. दुसरी समजूत मुली आणि बायकांना सांगितली जाते की उड्या मारल्याने गर्भाशय सरकते. निरोगी स्त्रीच्या बाबतीत या भीतीला आधार नाही, आणि पाळीच्या दिवसांत बरे वाटत असेल तर उड्या मारायला हरकत नाही. मात्र बाळंतपणानंतर किंवा उडी मारताना लघवीचे थेंब निसटत असतील तर संकोच न करता डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आधी आणि दोरी नंतर. गुडघ्यांची झीज, हाडांचा ठिसूळपणा, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोरी हातात घेऊ नये. उड्या मारताना छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावे.

प्रगती मोजायची असेल तर रोप स्किपिंगच्या स्पर्धांतली पद्धत घरी वापरता येते. तिथे 30 सेकंदांच्या वेगाच्या प्रकारात खेळाडू पाय आलटून पालटून टाकतात आणि पंच फक्त उजवा पाय मोजतात. आपणही महिन्यातून एकदा, घरातल्या कोणाला तरी घड्याळ घेऊन समोर बसवून, 30 सेकंदांत उजवा पाय किती वेळा पडला ते वहीत लिहावे. एखाद्या महिन्यात आकडा अचानक खाली आला, तर आधी मुठीतला स्क्रू किंवा गाठ सैल झाली आहे का ते पाहावे, आणि दोरी ठीक असेल तर आदल्या आठवड्यात झोप किती झाली ते आठवावे. नमस्कार.