गुडघ्याचं दुखणं तेलाने उतरलं, की भाताची लावणी सरल्याने?

श्रोतेहो, नमस्कार. लावणीच्या दिवसांत बाजारात एक पत्रक हमखास हाती पडतं. तेलाची बाटली, शेजारी पदर सावरून हसणाऱ्या काकू, खाली मजकूर: 'पंधरा दिवसांत माझी गुडघेदुखी गेली. सौ. स. प., देवरुख.'

धरून चालू, की काकू खऱ्या आहेत आणि खरंच बोलतायत. तरी तेवढ्याने तेल गुणकारी ठरत नाही. आषाढात दिवसदिवस चिखलात वाकून आवा, म्हणजे भाताची रोपं, लावला की गुडघे ठणकतात. ठणका अगदी सोसवेना झाला की माणूस बाटली आणतो. तोवर लावणी आटोपत येते, पायांना विसावा मिळतो, दुखणं आपसूक उतरतं आणि श्रेय तेलाला जातं. सोबत डॉक्टरांची गोळी चालू होती का, हे पत्रक सांगत नाही. समजा, शंभर जणांनी तेल चोळलं आणि पाचांनाच बरं वाटलं, तर छापले जाणार ते पाचच! उरलेले पंच्याण्णव आपल्याला कधी दिसतच नाहीत.

'मधुमेह मुळापासून घालवा' असं दिसलं, तर मात्र खालचे अनुभव वाचायच्याही भानगडीत पडू नका. मधुमेह बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. आणि असल्या शब्दावर विसंबून कुणी इन्सुलिन सोडलं, तर ते जिवावर बेततं.

मोबाइलवरचे व्हिडिओही याच माळेतले. तारकर्लीच्या होमस्टेची तोंड भरून स्तुती करणाऱ्याला मुक्काम फुकट मिळाला असेल, तर तसं त्याने सांगायलाच हवं. जून २०२२ पासून तसे नियम आहेत. हा खुलासा व्हिडिओतच हवा, तोही व्हिडिओच्याच भाषेत. मराठी बोलून खाली हॅशटॅगच्या गर्दीत इंग्रजी शब्द दडवणं चालत नाही. दिशाभूल ठरली तर कंपनीइतकाच जाहिरात करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत.

फसगत झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पत्रक, बिल, बाटलीचं लेबल आणि बॅच नंबर हाताशी ठेवा. बाटली रिकामी झाली तरी फेकू नका. व्हिडिओ असेल तर लिंक टिपून, तारखेसकट स्क्रीनशॉट आधी काढा आणि मगच विक्रेत्याशी बोला. एकदा कुणकुण लागली की व्हिडिओ काढून टाकायला मिनिटही लागत नाही.