काट्यावरचा बोका

(हर्णे बंदर. वाळूवर मासळीचा लिलाव.)

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. टोपल्या वाळूवर उतरल्या, बोली सुरू झाली. आता माणसांच्या पायांमधून बघा. बांगड्याचं एक डोकं पडलं, चार मांजरं धावली, मिळालं एकालाच. बाकीची निघाली पुढच्या टोपलीकडे. दिवसभर हेच चालतं. यांच्या बरगड्या लांबूनही मोजता येतात.

(घराची पडवी. झोपाळ्यावर बोका.)

हा बोका याच वाळूवर सापडला होता, तळहाताएवढा. आज ९ वर्षांचा आहे. वेळेवर नसबंदीचं ऑपरेशन झालं, ते चांगलंच झालं. पण त्यानंतर बोक्याला अन्न कमी लागतं आणि भूक मात्र वाढते, हे या घराला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

सकाळी दूधभात. दुपारी वहिनी विळीवर सुरमई कापायला बसल्या की हा शेजारी हजर. आणि पडवीत कायम भरलेला हा वाडगा. पाकिटातले दाणे घरात आले ते एका पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि सुक्या बांगड्याला हा तोंड लावेना. ऑगस्टात होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, ताजी मासळी आली. दाणे मात्र राहिले ते राहिलेच.

(मासळीचा काटा. रिकामा क्रेट.)

शेजारच्या काकू याच काट्यावर मासळी तोलतात. क्रेट ठेवून काटा शून्यावर आणला. आता बोका.

७ किलो २०० ग्रॅम.

गावठी मांजर साधारण ४ किलोचं असतं, थोराड बोका ५ किलोचा. तुमच्या घरात मांजर असेल तर आजच तोला. काटा नसेल तर बरगड्यांवरून हात फिरवा. न दाबता त्या हाताला लागायला हव्यात.

वाढलेल्या वजनातून मांजरालाही मधुमेह होऊ शकतो. वजनाचा साखरेशी संबंध असा. रक्तातली साखर पेशींत पोचते ती इन्सुलिनमुळे. चरबी वाढली की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मांजराचं वजन एका किलोने वाढलं की ही दाद सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असं मोजलं गेलं आहे. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततं. स्वादुपिंडातल्या ज्या पेशी इन्सुलिन करतात, त्यांच्यातूनच अमायलिन नावाचं आणखी एक संप्रेरक स्रवतं. मांजरात, अगदी माणसासारखंच, त्याचे थर साचू शकतात आणि इन्सुलिन करणाऱ्या पेशीच निकामी होत जातात. लठ्ठ मांजराला मधुमेहाचा धोका सडपातळ मांजराच्या जवळपास चौपट असतो. त्यातही बोके पुढे, आणि उतारवयातले जास्त.

(बर्मीज मांजराचा फोटो.)

ही तपकिरी मांजर हर्ण्यातली नव्हे. ही बर्मीज जातीची. १९३० मध्ये वोंग माऊ नावाची एक मांजरी सॅन फ्रान्सिस्कोला नेली गेली, आणि पाश्चात्त्य देशांतल्या बर्मीज मांजरांचं कूळ तिच्यापर्यंत जातं. मोजक्या मांजरांपासून पैदास झाली की दोषही घराण्यात मुरतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनमधल्या बर्मीज मांजरांत मधुमेह इतर मांजरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो.

पण आमचं मांजर गावठी, असं म्हणून सुटका नाही. भुकेवर ताबा ठेवणारं एमसी४आर नावाचं एक जनुक आहे. २०१४ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ते साध्या, बिनवंशावळीच्या मांजरांत तपासलं. जाड मांजरांपैकी ज्यांना मधुमेह होता, त्यांच्यात या जनुकाचं एक रूप जास्त सापडलं. बंदरावरच्या पिल्लाला आईबापांकडून काय मिळालं, ते आपण बदलू शकत नाही. वाडगा आपल्या हातात आहे.

(अंगण. मातीवर मुंग्यांची रांग.)

हे आधी आजींच्या लक्षात आलं. बोका जिथे मुततो तिथे मुंग्या लागत होत्या. पाण्याचं भांडंही दिवसातून दोनदा भरावं लागत होतं.

(दवाखाना.)

भेदरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही चढते. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर थांबले नाहीत. त्यांनी लघवी तपासली आणि फ्रुक्टोसामाइनसाठी रक्त पाठवलं. फ्रुक्टोसामाइन म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर; त्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांतल्या साखरेची सरासरी कळते. मधुमेह निघाला. उपचार टळले तर मागच्या पायांच्या नसा जाऊ शकतात, मग मांजर टाचा टेकून चालू लागतं. लवकर सापडला तर काही मांजरांची इन्सुलिनची इंजेक्शनं पुढे बंदही होतात.

(वहिनींच्या हातात सिरिंज.)

दिवसातून दोनदा, खाणं झाल्यावर. भात बंद, वाडगा उचलला, मासा वजन करून. उपास मात्र नाही. जाड मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जीवावर बेतू शकतं.

(पुन्हा काटा. सहा आठवड्यांनंतर.)

क्रेट. शून्य. बोका.

६ किलो ८०० ग्रॅम.