अश्मनगरात पुसलेले कुंकू

नाशिकच्या तपोवनात कपिला नदी गोदावरीला मिळते, त्या संगमाजवळ यात्रेकरूंना एक जागा आवर्जून दाखवली जाते. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते येथे, असे सांगतात आणि 'नासिका' या शब्दावरूनच गावाला नाशिक हे नाव पडले, अशी लोकांची श्रद्धा आहे. शूर्पणखेची कथा आपण सारे याच जागेपासून सांगायला सुरुवात करतो. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात मात्र तिच्या आधीच्या एका घावाची हकिकत आहे आणि तो घाव तिच्या सख्ख्या भावाने घातलेला आहे.

रावणाने आपल्या बहिणीचे लग्न स्वतः लावून दिले होते. कालकेय नावाच्या दानवांचा राजा विद्युज्जिह्व हा त्यानेच पाहिलेला वर होता. (युद्धकांडात रामाचे मायावी मस्तक बनवणारा विद्युज्जिह्व निराळा, नाव एकच असल्यामुळे अनेकांची गल्लत होते.) पुढे दिग्विजयाच्या धुंदीत रावण पाताळात उतरला, अश्मनगर या कालकेयांच्या नगरावर चालून गेला आणि त्या लढाईत त्याने आपल्या तलवारीने विद्युज्जिह्वाला कापून काढले. कवी त्या क्षणी मारल्या गेलेल्या वीराची ओळख 'शूर्पणखेचा पती' अशी करून देतो. त्याला मारणारा तिचा भाऊ आहे, हे ऐकणाऱ्याच्या नजरेतून सुटू नये, याची काळजी त्याने घेतली आहे.

उत्तरकांडाच्या २४व्या सर्गात रावण लंकेला परततो, तेव्हा त्याच्या पुष्पक विमानात ठिकठिकाणांहून पळवून आणलेल्या स्त्रिया रडत बसलेल्या असतात. परस्त्रियांचा लोभ धरणाऱ्या या राक्षसाचा वध स्त्रीच्याच कारणाने होईल, असा शाप त्या देतात. हा शाप घेऊनच रावण नगरीत शिरतो आणि त्याच सर्गात शूर्पणखा येऊन त्याच्यापुढे जमिनीवर कोसळते.

तिचे डोळे रडून लाल झालेले आहेत. ती म्हणते की, तू माझा बंधू असून तूच मला मारलेस. लढाईतसुद्धा जावयाला राखायचे असते, तू त्याला स्वतःच्या हाताने मारलेस आणि तुला त्याची लाजही वाटत नाही. तुझ्यामुळे मला आता 'वैधव्यशब्द' सोसावा लागणार, असे ती म्हणते. या एका शब्दावर मी पुन्हा पुन्हा थांबतो. नवरा गेल्याचे दुःख तर आहेच, पण यापुढे चारचौघांत आपल्याला कोणत्या नावाने ओळखले जाईल, याची जाणीवही तिला त्याच क्षणी झालेली आहे.

रावणाचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. युद्धाच्या मदात मला आपला कोण आणि परका कोण हे कळले नाही, जावई समोर आहे हे मी ओळखले नाही, असे तो सांगतो. मग तो तिला दान, मान आणि कृपा यांचे आश्वासन देतो, खर या मावसभावाच्या हाताखाली १४,००० राक्षस देतो, दूषणाला सेनापती नेमतो आणि बहिणीची रवानगी दंडकारण्यात करतो. ज्या हाताने कुंकू पुसले त्याच हाताने ही भरपाई दिली गेली आणि माहेरी आलेली विधवा बहीण लंकेतून दूर गेली.

दंडकारण्यात पुढे काय घडले ते घराघरांत ठाऊक आहे. सुपासारखी नखे असलेली ती शूर्पणखा, असा तिच्या नावाचा अर्थ. ती रामाकडे लग्नाची मागणी घालते, दोघे भाऊ तिची थट्टा करत तिला एकाकडून दुसऱ्याकडे पाठवतात, ती चिडून सीतेवर धावते आणि रामाच्या सांगण्यावरून लक्ष्मण तिचे नाक-कान कापतो. खराचे १४,००० राक्षस एकटा राम मारतो. भावाने दिलेली सगळी भरपाई अशी मातीला मिळाल्यावर शूर्पणखा पुन्हा लंकेच्या दरबारात उभी राहते.

अरण्यकांडाच्या प्रचलित पाठात जनस्थानातील, म्हणजे दंडकारण्यातल्या खराच्या ठाण्यातील, संहाराची बातमी अकंपन नावाच्या राक्षसाने आधीच लंकेत पोहोचवलेली असते. सीतेला पळवण्याचा सल्लाही त्यानेच दिलेला असतो, पण मारीचाने समजावल्यावर रावण मुकाट्याने परत फिरतो. तेव्हा बातमीने जे झाले नाही ते बहिणीच्या बोलण्याने होते. मंत्र्यांच्या देखत ती त्याला सुनावते, 'प्रमत्तः कामभोगेषु स्वैरवृत्तो निरङ्कुशः', म्हणजे तू विषयभोगांत बेभान झाला आहेस, मन मानेल तसा वागतो आहेस आणि तुला कसलाही लगाम उरलेला नाही. राजे हेरांच्या डोळ्यांनी दूरवर पाहतात, तुला मात्र दाराशी आलेले संकट दिसत नाही. वाळलेली लाकडे, ढेकळे आणि धूळ यांचाही काही उपयोग होतो, पण पदावरून घसरलेल्या राजाचा काहीच उपयोग होत नाही, असेही ती म्हणते. भावाचा अहंकार पुरेसा दुखावल्यावर ती सीतेच्या रूपाचे वर्णन करते आणि शेवटी सांगते की, या सुंदरीला तुझी बायको करण्यासाठी आणायला मी निघाले, म्हणूनच लक्ष्मणाने मला विद्रूप केले. हे धादांत खोटे आहे. भावाच्या स्वभावातली कच्ची बाजू कोणती, हे पुष्पकातून उतरणाऱ्या रडत्या स्त्रिया ज्या घरात येत होत्या, त्या घरच्या बहिणीला नेमके माहीत असणार.

नवऱ्याचा सूड म्हणून तिने हे केले, असे वाल्मीकी कुठेही लिहीत नाहीत. उत्तरकांड हा मूळ काव्याला नंतर जोडलेला भाग आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि दरबारातल्या त्या भाषणात विद्युज्जिह्वाचा उल्लेखही येत नाही. तरीही शूर्पणखेने भावावर सूड उगवला, असे कथा सांगणारी माणसे सांगत आली आणि मला त्यांचे म्हणणे पटते. ज्याने कोणी अश्मनगराचा प्रसंग रामायणात आणला, त्याला तो आणल्यावाचूनही रावणाचा दिग्विजय वर्णन करता आला असता. बहिणीचा आक्रोश आणि स्त्रियांचा शाप एकाच सर्गात शेजारी शेजारी ठेवणाऱ्याला त्यांचा संबंध दिसला होता, असे मी समजतो.

युद्ध संपत आले, तेव्हा लंकेतल्या राक्षसींनी एकत्र जमून विलाप केला. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ मारला गेला होता. म्हातारी, कुरूप, खपाटीला गेलेल्या पोटाची ती शूर्पणखा वनात रामाजवळ गेलीच कशाला, असे म्हणत त्यांनी सगळा दोष तिच्या माथी मारला. विराध, खर, दूषण, कबंध, वाली अशी मेलेल्यांची नावे त्या एकेक करून घेतात. विद्युज्जिह्वाचे नाव त्या विलापात नाही.