सामना संपल्यावर घरी कसं जायचं?

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये डॉजर्स नावाचा एक संघ आहे. डॉजर्स म्हणजे हुलकावणी देणारे. कुणाला हुलकावणी? तर ट्रामला! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात विजेच्या ट्राम धावू लागल्या आणि लोकांना त्या चुकवत रस्ता ओलांडावा लागे. म्हणून ब्रुकलिनकर झाले ‘ट्रॉली डॉजर्स’, आणि तेच नाव संघाला चिकटलं. पुढे या संघाचं जे झालं, त्यातही वाहतुकीचा मोठा हात होता.

त्यांचं मैदान एबेट्स फील्ड, 1913 सालचं. प्रेक्षक ट्रामने, भुयारी रेल्वेने किंवा चालत येत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांतले पुष्कळजण उपनगरांत राहायला गेले, मोटारी घेऊ लागले. मैदानापाशी जागा होती सुमारे 700 मोटारींची. संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांना नवं स्टेडियम हवं होतं ते ब्रुकलिनमध्येच, अटलांटिक अव्हेन्यूच्या स्थानकालगत, जिथे उपनगरी गाड्या आणि भुयारी रेल्वे एकत्र येतात. पण शहराचे रस्ते आणि पूल ज्यांच्या मुठीत होते त्या रॉबर्ट मोझेस यांनी नकार दिला. त्यांनी न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातली फ्लशिंग मेडोजची जागा पुढे केली. बोलणी फिसकटली. 1957 चा हंगाम संपला आणि संघ गेला थेट लॉस एंजेलिसला. तिथे 1962 मध्ये उघडलेल्या स्टेडियममध्ये जागा 56,000 प्रेक्षकांची, आणि भोवती तळ 16,000 मोटारींचा.

अशा प्रसंगी शहरं मोठमोठे आकडे सांगतात. स्टेडियम आलं की रोजगार येईल, व्यापार वाढेल. अर्थशास्त्रज्ञ एवढंच विचारतो की हा पैसा एरवी कुठे गेला असता? सामन्याला गेलेलं कुटुंब त्या दिवशी नाटकाला जात नाही, बाहेर जेवायला जात नाही. खर्च तोच, गल्ला दुसऱ्याचा. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये संपादित केलेल्या अभ्यासात अमेरिकेतली अनेक स्टेडियमं तपासली गेली. स्थानिक अर्थव्यवस्थेवरचा परिणाम फार थोडा, कदाचित उलटाही, असा निष्कर्ष निघाला.

इथे वाहतूक एक गंमत करते, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. रेल्वे चांगली असेल तर शेजारच्या गावचा प्रेक्षकही सहज येतो. शहराच्या खात्यात तो नवा पैसा दिसतो. पण हिशेबाची रेघ जरा लांब ओढा, दोन्ही गावं एकाच प्रदेशात धरा, की तो पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला असतो. म्हणून कुणी स्टेडियमचा फायदा सांगू लागला, तर रेघ कुठे ओढली आहे ते आधी विचारावं.

आता गर्दीचं गणित करू. 50,000 प्रेक्षक, एका मोटारीत सरासरी अडीच माणसं, म्हणजे 20,000 मोटारी. येण्याजाण्याच्या वाटेसह एका मोटारीला 30 चौरस मीटर धरले, तर लागतात 60 हेक्टर. फुटबॉलची चौऱ्याऐंशी मैदानं मावतील एवढी जमीन! बेसबॉल संघाचे घरच्या मैदानावर नियमित हंगामात 81 सामने होतात. उरलेल्या दिवसांत ही जमीन करणार काय?

रेल्वेलाही हे सोपं नाही, तेही सांगायला हवं. एका गाडीत 1,000 माणसं आणि दर तीन मिनिटांनी गाडी धरली, तर एकाच दिशेला जाणारे 50,000 लोक हलायला अडीच तास लागतात. अडीच तासांच्या गर्दीसाठी डबे आणि चालक वर्षभर पोसायचे, हा खर्च तिकीट विक्रीच्या आकड्यांत दिसत नाही. पण तोच रूळ दुसऱ्या दिवशी सकाळी नोकरदारांना, विद्यार्थ्यांना, दवाखान्यात निघालेल्यांना नेतो. माझ्या मते स्टेडियमसाठी घातलेल्या रुळांची किंमत सामना नसलेल्या दिवसांवरूनच ठरवावी.

लंडनने 2012 च्या ऑलिंपिकच्या तिकिटासोबत त्या दिवसाचा प्रवासाचा पास दिला होता. मुख्य स्टेडियम होतं स्ट्रॅटफर्डला, जिथे रेल्वेमार्ग आधीच एकत्र येत होते. लंडनच्याच सेंट पँक्रास स्थानकाहून खास जलद गाडी सुमारे सात मिनिटांत तिथे पोचवी. खेळ संपून इतकी वर्षं झाली, तरी स्ट्रॅटफर्ड आज ब्रिटनमधल्या सर्वाधिक वर्दळीच्या स्थानकांपैकी एक आहे.

आणि ब्रुकलिन? त्याच 2012 साली तिथे बार्कलेज सेंटर हे बंदिस्त क्रीडागृह उघडलं. ओमॅली यांनी मागितलेल्या जागेच्या अगदी जवळ, त्याच स्थानकापाशी. डॉजर्स गेल्यानंतर पंचावन्न वर्षांनी ब्रुकलिनचे लोक पुन्हा भुयारी रेल्वेने आपल्या संघाचा सामना बघायला निघाले. या वेळी बास्केटबॉलचा.