परळची रांग, धारावीचा जिना

सकाळचे साडेसात वाजले आहेत. परळच्या केईएम रुग्णालयात केस पेपरच्या खिडकीसमोर लागलेल्या या रांगेतील काही जण पहिली लोकल पकडून आले आहेत. १९२६ साली सुरू झालेल्या या महापालिका रुग्णालयातच १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. अशा कामासाठी उभारलेल्या संस्थेच्या दारात आज अनेक जण रक्तदाबाच्या त्याच गोळ्या पुन्हा लिहून घेण्यासाठी ताटकळत उभे आहेत.

आता धारावी. लोखंडी जिना इतका उभा आहे की आरोग्य सेविकेला एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हाताने पिशवी सावरत चढावे लागते. वर पोहोचल्यावर ती लगेच यंत्र काढत नाही. मावशींनी नुकताच चहा घेतला असेल तर अर्धा तास थांबायचे, पाठ टेकवून पाच मिनिटे शांत बसवायचे, पट्टा उघड्या दंडावर गुंडाळायचा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवायचा आणि बोलू द्यायचे नाही, हे सारे ती न चुकता पाळते. दोन वेळा मोजून दोन्ही आकडे वहीत उतरवते. १४० आणि ९० ही मर्यादा ओलांडलेली दिसली, की ती चिठ्ठी देऊन जवळच्या दवाखान्यात पाठवते आणि पुढच्या फेरीत, ‘मावशी, गोळ्या संपल्या का?’ असे विचारते. माझ्या मते या शहराच्या आरोग्यव्यवस्थेतील सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे.

हा रक्तदाब वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मग आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक खेपेला सुमारे चार तास, डायलिसिस.

देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने १९४६ सालीच प्रतिबंध आणि उपचार यांची सांगड घालण्यास सांगितले होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने तर दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक निधी प्राथमिक सेवेकडे वळवण्याचे सुचवले. याचा अर्थ तज्ज्ञांचे विभाग उपाशी ठेवावेत असा मुळीच नाही, कारण बाळाच्या हृदयातील छिद्र कोणताही दवाखाना बुजवू शकत नाही. मात्र दवाखान्याची चिठ्ठी घेऊन परळला गेलेला रुग्ण तज्ज्ञांच्या सूचनांसह पुन्हा त्याच दवाखान्यात परतला पाहिजे. तिथे औषधांचे कपाट भरलेले आणि डॉक्टर हजर असले पाहिजेत. तसे नसेल, तर तो पुन्हा लोकल पकडणारच.

सेविकेने वही मिटली आहे. शेजारच्या दारातल्या आजी मघापासून बाही वर सारून बसल्या आहेत.